‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीटीपीची दुकानं, शाळांची कार्यालयं, सेवा केंद्रं, घरचे संगणक अशा सगळीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न विंडोज १० आणि ११ चे आहेत, शेवटाकडे थोडं लिनक्स आहे. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केल्याने नेमकं काय होतं?

प्रोग्रॅम तोच असतो, त्याच्या हातात दिलेले अधिकार बदलतात. एरवी तुम्ही उघडलेला प्रोग्रॅम तुमच्या फाइली आणि तुमच्या सेटिंग्ज यांच्यापुरताच बदल करू शकतो. अ‍ॅडमिन म्हणून चालवला की विंडोजचं फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्स, ड्रायव्हर, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीचा (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा) सगळ्यांसाठी असलेला भाग आणि त्याच संगणकावरच्या दुसऱ्यांच्या खात्यांतल्या फाइली, सगळ्याला तो हात लावू शकतो. त्याने प्रोग्रॅमचा वेग वाढत नाही. ‘चालत नाही? अ‍ॅडमिनने चालवून बघ’ हा सल्ला जो तो देतो. पण काय अडतंय हे कळल्याशिवाय तो मानू नका.

२. संगणक माझा, खातंही अ‍ॅडमिनचं. तरी मलाच का विचारतो?

कारण तुम्ही लॉगिन करता तेव्हा विंडोज तुमच्या नावाचे दोन पास तयार करतं, एक पूर्ण अधिकारांचा आणि एक छाटलेला. डेस्कटॉप आणि तुम्ही डबल क्लिक करून उघडता ते सगळं छाटलेल्या पासावर चालतं. पूर्ण पास तुम्ही ‘येस’ म्हणेपर्यंत बाजूला ठेवलेला असतो, आणि ‘येस’ म्हटल्यावरही तो त्या एका प्रोग्रॅमलाच मिळतो.

ही व्यवस्था, म्हणजे यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल), विंडोज व्हिस्टापासून आली. सर्वसाधारण ग्राहकांना व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये मिळालं. त्याआधी एक्सपीवर घरोघरी अ‍ॅडमिनचंच खातं असायचं आणि जे उघडाल ते पूर्ण अधिकारांनीच चालायचं. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आलेला व्हायरस घरच्या संगणकाच्या मुळापर्यंत जायचा तो याच वाटेने.

३. अ‍ॅडमिन म्हणून उघडायचे सोपे मार्ग कोणते?

राइट क्लिक सगळ्यांना माहीत असतं. त्यापेक्षा पटकन होणारं म्हणजे स्टार्टमध्ये नाव टाइप करायचं आणि कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकदम दाबायचं. टास्कबारवर आयकॉन असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट धरून त्यावर क्लिक करा. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, हवं असेल तर विंडोजचं बटण आणि एक्स दाबा, येणाऱ्या यादीत अ‍ॅडमिनचं टर्मिनल वेगळं दिलेलं असतं. डेस्कटॉपच गायब झाला असेल तर टास्क मॅनेजर उघडून ‘रन न्यू टास्क’ घ्या, तिथे अ‍ॅडमिन अधिकारांसाठी टिक करायची जागा आहे.

४. आत्ता उघडलेली खिडकी अ‍ॅडमिनची आहे की साधी, हे कसं ओळखायचं?

कमांड प्रॉम्प्ट असेल तर वरच्या पट्टीवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलेलं असतं. शिवाय साधा प्रॉम्प्ट तुमच्या स्वतःच्या फोल्डरात उघडतो आणि अ‍ॅडमिनचा बहुतेक वेळा सिस्टिम३२ मध्ये. इतर प्रोग्रॅमसाठी टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये जा, कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि ‘एलिव्हेटेड’ हा कॉलम जोडा. प्रत्येक नावापुढे हो किंवा नाही दिसेल.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अ‍ॅडमिन खिडकीतून जे उघडाल तेही अ‍ॅडमिनच होतं. इन्स्टॉलरच्या शेवटी ‘आता सुरू करा’ ही टिक ठेवली की काही वेळा तो प्रोग्रॅम पहिल्यांदा पूर्ण अधिकारांनीच उघडतो. ती टिक काढा आणि नंतर नेहमीसारखा उघडा.

५. परवानगीची चौकट कधी निळी येते, कधी पिवळी. निळी आली की बिनधास्त ‘येस’ दाबायचं का?

नाही. निळी चौकट फक्त इतकंच सांगते की फाइलीवर डिजिटल सही आहे आणि ती कोणाची, हे विंडोजने तपासलं आहे. सही करणारा भला आहे की नाही, हे ती सांगत नाही. पिवळी म्हणजे प्रकाशक कोण ते माहीत नाही. प्रामाणिक माणसाने बनवलेलं छोटं मराठी सॉफ्टवेअरही पिवळ्या चौकटीत येऊ शकतं, कारण सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं. लाल चौकट आली तर ते विंडोजने अडवलेलंच आहे.

चौकट आली की तीन ओळी वाचायच्या. प्रोग्रॅमचं नाव, प्रकाशकाचं नाव, आणि खाली ‘शो मोअर डिटेल्स’ दाबल्यावर दिसणारी जागा. प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणवणारी फाइल ‘डाउनलोड्स’मधून चालत असेल आणि प्रकाशकाच्या जागी ‘अननोन’ असेल, तर तिथेच थांबा. रंगाहून मोठा प्रश्न हा की हे मी आत्ता मागितलं होतं का? तुम्ही काहीच उघडलेलं नसताना, पत्र टाइप करता करता मध्येच चौकट उगवली, तर ‘नो’ दाबा. खरोखर गरजेचं काही असेल तर ते पुन्हा विचारेल.

६. ही चौकट कायमची बंद करता येते का? दिवसातून दहा वेळा येते.

करता येते, पण करू नका. स्टार्टमध्ये ‘यूएसी’ टाइप केलं की विंडोज ७ पासून आलेली चार पायऱ्यांची पट्टी उघडते. सर्वांत वरची पायरी म्हणजे विंडोजच्या सेटिंग तुम्ही स्वतः बदलतानाही विचारणार. वरून दुसरी ही मूळची पायरी आहे. तिच्यावर दुसरा प्रोग्रॅम बदल करू लागला तरच विचारतं आणि विचारताना स्क्रीन काळवंडते. तिसरी तशीच, फक्त स्क्रीन काळवंडत नाही. चौथी म्हणजे अ‍ॅडमिन खात्यात काहीही न विचारता पूर्ण अधिकार.

स्क्रीनचं काळवंडणं दिखाऊ नाही. ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर येते. तिथे तुमचे इतर प्रोग्रॅम पोहोचू शकत नाहीत, त्यामुळे कोणी तुमच्या नावाने ‘येस’ दाबू शकत नाही. तिसऱ्या पायरीवर ते संरक्षण जातं.

दिवसातून दहा वेळा चौकट येत असेल तर बहुधा रोजच्या वापरातलं कुठलं तरी एक सॉफ्टवेअर चुकीच्या जागी बसवलेलं असतं आणि म्हणून ते अ‍ॅडमिननेच उघडलं जातं. ते शोधा, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

७. मग पट्टी मूळच्या पायरीवर ठेवली की पुरे?

माझ्या मते पुरे नाही. यूएसी म्हणजे सुरक्षेची भक्कम सीमा नव्हे, हे खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. अ‍ॅडमिन खात्यात दोन्ही पास एकाच माणसाचे असतात आणि एकावरून दुसऱ्यावर उडी मारायच्या युक्त्या सापडत राहतात. खरी भिंत दोन वेगळ्या खात्यांमध्ये असते. म्हणून रोजच्या कामाला ‘स्टँडर्ड’ खातं ठेवा आणि अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, वेगळ्या पासवर्डचं. परवानगी लागली की चौकट त्या खात्याचा पासवर्ड किंवा पिन मागेल. हात आपोआप ‘येस’वर जाण्यापेक्षा पासवर्ड टाइप करताना माणूस क्षणभर थांबतो, आणि तो क्षण फार मोलाचा आहे. दुकानात दोन-तीन ऑपरेटर असतील तर याला पर्यायच नाही.

८. मराठी फॉन्ट टाकायला अ‍ॅडमिन लागतो का?

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून लागत नाही. फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो तुमच्या खात्यापुरता बसतो. ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ म्हटलं तर परवानगी लागते आणि तो सगळ्यांसाठी बसतो.

डीटीपीवाल्यांची नेहमीची तक्रार अशी की वर्डमध्ये फॉन्ट दिसतो, पण पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. काही जुनी सॉफ्टवेअर फक्त विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरातच बघतात, आणि खात्यापुरता बसवलेला फॉन्ट तिथे नसतो. अशा वेळी तो काढून सगळ्यांसाठी बसवा. फॉन्ट दिसत नाही म्हणून अख्खं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून चालवायची गरज नाही.

९. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनने उघडलं तर नोंदी गायब, साधं उघडलं तर परत दिसतात. हे काय आहे?

या यादीतला हा सर्वांत घाबरवणारा प्रश्न, पण नोंदी गेलेल्या नसतात.

व्हिस्टाच्या आधी लिहिलेली बरीच सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये, स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. छाटलेल्या पासावर (प्रश्न २) तिथे लिहायला मनाई आहे. जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअर एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप तुमच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवतं आणि सॉफ्टवेअरला वाटतं, आपण मूळ जागीच लिहिलं. अ‍ॅडमिन म्हणून उघडलं की हे वळवणं बंद होतं आणि ते खरोखर मूळ जागची फाइल उघडतं. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वह्या तयार होतात.

एका छपाईच्या दुकानात मी हे समोर बसून पाहिलं आहे. वडील रोज डबल क्लिक करून बिलं करायचे. मुलाने एक दिवस राइट क्लिक करून उघडलं, तर आत पहिल्या दिवशी टाकलेल्या पाच चाचणी नोंदी आणि पुढे सगळं कोरं. लग्नसराईची उधारी गेली, असं समजून वडील खुर्चीत तसेच बसून राहिले. आम्ही त्यांच्या खात्यातल्या ‘अ‍ॅपडेटा’मध्ये ‘लोकल’, त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’, त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६’ असे एकेक फोल्डर उघडत गेलो. डेटाची फाइल तिथे होती, शेवटच्या बदलाची वेळ आदल्या रात्रीची. पुढचे दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही.

आता उपाय. आधी दोन्ही ठिकाणच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, त्याआधी काहीही उघडू नका. बदलाच्या तारखा बघून खरी वही कोणती ते ठरवा. मग सॉफ्टवेअर काढून प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून त्यात बसवा आणि खरी वही तिथे ठेवा. त्या फोल्डरात साध्या अधिकारांनीही लिहिता येतं, त्यामुळे सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनने उघडायची गरज राहत नाही आणि त्यासाठी येणारी रोजची चौकटही थांबते. ‘अ‍ॅपडेटा’ दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा.

१०. सेटअपची फाइल एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरच्या प्रकारची) आहे. राइट क्लिकमध्ये अ‍ॅडमिनचा पर्यायच येत नाही.

बहुतेक वेळा नुसतं डबल क्लिक पुरतं, लागेल तेव्हा इन्स्टॉलर स्वतः परवानगी मागतो. अडलाच तर अ‍ॅडमिनचं टर्मिनल उघडा (प्रश्न ३) आणि तिथून एमएसआयएग्झेक ही कमांड, स्लॅश आय आणि फाइलचा पूर्ण पत्ता देऊन चालवा. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका.

११. नोटपॅड अ‍ॅडमिन म्हणून उघडलं, पण फाइल ओढून त्यात टाकता येत नाही.

बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. कमी अधिकारांच्या खिडकीला जास्त अधिकारांच्या खिडकीकडे संदेश पाठवता येत नाहीत. फाइल एक्सप्लोरर साध्या, छाटलेल्या पासावर चालतो, नोटपॅड पूर्ण पासावर (प्रश्न २), म्हणून ओढलेली फाइल दारातच अडते. नोटपॅडच्या ‘फाइल’, ‘ओपन’ मधून उघडा. होस्ट्स फाइल (साइटची नावं आणि त्यांचे पत्ते लिहिलेली विंडोजची फाइल) शोधत असाल तर खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर फोल्डर रिकामं दिसेल.

१२. साध्या खिडकीत झेड ड्राइव्ह दिसतो, अ‍ॅडमिन खिडकीत दिसत नाही. का?

नेटवर्क ड्राइव्हची जोडणी लॉगिनच्या त्या पासाशी बांधलेली असते, आणि पास दोन आहेत (प्रश्न २). सोपा मार्ग म्हणजे अक्षराऐवजी सर्व्हरचं पूर्ण नाव आणि शेअरचं नाव वापरणं. रोजच लागत असेल तर रजिस्ट्रीत ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ नावाची नोंद १ करून संगणक रीस्टार्ट करतात. त्याने दोन पासांमधला एक पडदा मात्र कमी होतो. मी तरी पूर्ण नावच वापरतो.

१३. ऑपरेटरच्या खात्यात मी माझा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकून प्रोग्रॅम चालवला. सेटिंग केली, पण ऑपरेटरकडे दिसतच नाही.

स्टँडर्ड खात्यात तुम्ही दुसऱ्या खात्याचा पासवर्ड देता, तेव्हा तो प्रोग्रॅम *त्या दुसऱ्या माणसाच्या नावाने* चालतो. त्याचा ‘डॉक्युमेंट्स’ तुमचा, त्याची रजिस्ट्री तुमची, त्याचा डेस्कटॉपही तुमचा. म्हणून सेव्ह केलेली फाइल ऑपरेटरला सापडत नाही.

डिजिटल सहीच्या टोकनबाबतही सेवा केंद्रांत हेच होतं. सहीचं प्रमाणपत्र वापरणाऱ्याच्या खात्याला जोडलेलं असतं. अ‍ॅडमिनच्या नावाने चालणारी युटिलिटी अ‍ॅडमिनच्या खात्यात प्रमाणपत्र शोधते आणि ‘सापडलं नाही’ म्हणते. ड्रायव्हर आणि युटिलिटी बसवण्यापुरता अ‍ॅडमिन वापरा. पुढची नोंदणी आणि सही ऑपरेटरच्या खात्यातून, साध्या अधिकारांनी करा. युटिलिटी चालवायलाच अ‍ॅडमिन लागतो असं तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल, तर फक्त त्या युटिलिटीला द्या. ब्राउझर कधीच अ‍ॅडमिन म्हणून उघडू नका. दिवसभर बाहेरच्या साइट बघणाऱ्या प्रोग्रॅमला घराच्या सगळ्या किल्ल्या देण्यासारखं ते आहे.

१४. मी दुरून मदत करत होतो. परवानगीची चौकट आली आणि माझ्याकडे स्क्रीन काळी झाली.

प्रश्न ६ मधला सुरक्षित डेस्कटॉप तो हाच. तुमचं दूरचं सॉफ्टवेअर साध्या अधिकारांनी चालत असेल तर त्याला तो दिसत नाही. समोरच्या माणसाला चौकटीतली नावं वाचून दाखवायला सांगा आणि मग ‘येस’ म्हणायला सांगा. याचीच दुसरी बाजूही लक्षात ठेवा. बँकेतून बोलतोय, विजेचं बिल थकलंय असं सांगून कोणी अनोळखी माणूस फोनवर ‘आता येस दाबा’ म्हणत असेल, तर फोन ठेवा. त्यानंतर पैसे गेल्याचं कळलं तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवा.

१५. अ‍ॅडमिन असूनही ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. अ‍ॅडमिनच्या वर कोणी असतं का?

विंडोजच्या गाभ्यातल्या फाइलींची मालकी अ‍ॅडमिनकडे नसून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या सर्व्हिसकडे असते. मालकी स्वतःकडे घेऊन ती फाइल बदलता येते, त्याचे उपाय ठिकठिकाणी लिहिलेले आहेत, पण त्या वाटेने गेलेले संगणक पुढच्या अपडेटला अडकलेले मी पाहिले आहेत. फाइल खराब झाली असेल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमधून एसएफसी ही कमांड ‘स्कॅननाऊ’ लावून चालवा, ती विंडोजलाच आपली फाइल दुरुस्त करायला लावते.

जुन्या डिस्कवरून काढलेल्या तुमच्याच फोटोंना हा अडथळा येत असेल तर गोष्ट वेगळी. ती मालकी जुन्या विंडोजमधल्या तुमच्या खात्याची आहे. तिथे मालकी बदलायला हरकत नाही, फक्त त्या फोल्डरापुरती बदला, अख्ख्या ड्राइव्हची नको.

१६. लपवलेलं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातं सुरू करून तेच वापरलं तर चौकटीची कटकटच नाही ना?

कटकट नाही, कारण मूळ मांडणीत त्या खात्याला छाटलेला पासच (प्रश्न २) नसतो. तिथे सगळं पूर्ण अधिकारांनी चालतं, म्हणजे एक्सपीच्या काळात परत गेलात. व्हिस्टापासून ते खातं मुळातच बंद असतं. दुरुस्तीसाठी कधी उघडलंत तर काम झाल्यावर आठवणीने बंद करा.

१७. एक प्रोग्रॅम रोज सकाळी अ‍ॅडमिन म्हणूनच लागतो. दर वेळी न विचारता चालेल असं काही?

टास्क शेड्युलरमध्ये त्याचं काम तयार करा आणि ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ला टिक करा. अ‍ॅडमिन खात्यात मग तो लॉगिनबरोबर न विचारता सुरू होईल. तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरात आहे तिथे साध्या अधिकारांनी लिहिता येत नाही ना, हे आधी बघा. नाहीतर त्या जागी कोणीही दुसरी फाइल ठेवेल आणि उद्या सकाळी तीच पूर्ण अधिकारांनी चालेल.

‘रनअ‍ॅज’ कमांडला ‘सेव्हक्रेड’ लावून पासवर्ड साठवायचा सल्लाही फिरतो. तो नको. एकदा साठवलेल्या त्या पासवर्डवर ऑपरेटर त्या खात्याच्या नावाने कोणताही प्रोग्रॅम चालवू शकतो.

१८. विंडोजमध्येही सुडो आलं म्हणतात. ते लिनक्सचंच का?

सुडो म्हणजे पुढची एक कमांड वरच्या अधिकारांनी चालवायला लावणारी कमांड. नाव तेच, आतली रचना वेगळी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते मिळतं आणि सेटिंगमधून सुरू करावं लागतं. मूळच्या मांडणीत ते अ‍ॅडमिनची नवी खिडकी उघडतं आणि त्याआधी नेहमीची चौकट येतेच. टर्मिनलमध्ये रोज काम करणाऱ्यांची सोय, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

१९. उबुंटूवर सुडो लावून एडिटर उघडला. आता माझीच सेटिंगची फाइल मला सेव्ह होत नाही.

सुडोने चालवलेला प्रोग्रॅम रूट म्हणून, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालतो. त्याने तुमच्या घरच्या फोल्डरात एखादी फाइल तयार केली तर तिची मालकी रूटकडे जाते आणि पुढे तुम्हालाच ती बदलता येत नाही. ‘सीएचओन’ कमांडने त्या फाइलीची मालकी परत स्वतःकडे घ्या. पुढच्या वेळी सिस्टिमची फाइल बदलायला ‘सुडोएडिट’ वापरा. त्यात एडिटर तुमच्याच नावाने, फाइलीच्या तात्पुरत्या प्रतीवर चालतो आणि शेवटी प्रत मूळ जागी ठेवण्यापुरतेच रूटचे अधिकार वापरले जातात.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे सुडो लावलेल्या कमांडचं उत्तर बाणाच्या चिन्हाने सिस्टिमच्या फाइलीत वळवलं तर मनाई होते. बाणाचं काम तुमचा शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) करतो आणि शेलला सुडो लागलेलं नसतं. तिथे मध्ये पाइप टाकून ‘सुडो टी’ वापरतात.

२०. चौकट येते, पण ‘येस’चं बटण फिकट आहे, दाबताच येत नाही.

बहुधा संगणकावर चालू असलेलं एकही अ‍ॅडमिन खातं उरलेलं नाही. प्रश्न ७ मधला सल्ला उलट्या क्रमाने केला की हे होतं. नवं अ‍ॅडमिन खातं तयार करून त्यात एकदा लॉगिन करून बघायच्या आधीच लोक आपलं खातं स्टँडर्ड करून मोकळे होतात.

घरचा, कार्यालयाच्या डोमेनमध्ये नसलेला संगणक असेल तर वाट आहे. शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू होतं त्यात) जा. एकही चालू अ‍ॅडमिन खातं नसेल तर प्रश्न १६ मधलं बंद खातं तिथे, अशा अडचणीपुरतं, आत येऊ देतं. त्यातून आपल्या खात्याला पुन्हा अ‍ॅडमिन करा आणि नेहमीसारखं सुरू करा. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर या वाटेत ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, रीस्टार्ट करण्याआधी मोबाइलवरून ती उघडून कागदावर लिहून घ्या.